गडग्यापलीकडचा पाण्याचा गाडा

परवापासून शेजारच्या परड्यात वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. कशाला, ते अख्ख्या वाडीला ठाऊक झालं होतं. पण शेजारणीच्या तोंडून ऐकण्यात मजा वेगळी. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मी गडग्याशी गेलेच.

"काय गो, कारखाना काढलात की काय?"

"कारखानाच म्हणायचा, माई. सड्यावर कलमांना पाणी न्यायला गाडा केलाय ह्यांनी. भंगारातला सहा आसनी रिक्षाचा एक्सल, त्यावर चॅनेल, वर टाकी. पॉवर टिलरच्या मागे जोडायचा."

गरज होतीच म्हणा. दीड एकरात साठ हापूस, दहा-दहा मीटरवर, कातळात सुरुंग लावून खड्डे मारलेले. पाऊस ऑक्टोबरात गेला की थेट जूनात. पहिली दोन-तीन वर्षं पाणी नाही दिलं तर उन्हाळ्यात कलमाची काडी होते. इतके दिवस बिचारी डोक्यावरून कळशा चढवत होती.

"मग काल भाऊजी ओरडत का होते?"

"अहो, पाचशे लिटरची टाकी. पहिल्यांदाच नेतोय, जपून नेऊ म्हणून अर्धीच भरली. चढाला लागल्याबरोबर पाणी सगळं मागे धावलं. गाड्याचं ढुंगण खाली, हूक वर, टिलरचं हँडल ह्यांच्या हातातून सुटलं! सासूबाई ओट्यावरून म्हणतात, आता गाडाच टिलरला घेऊन जाईल."

"मग?"

"टाकी उतरवली. दोनशे लिटरची दोन पिंपं घातली, काठोकाठ भरायची, म्हणजे पाणी हिंदकळत नाही. आणि एक्सलच्या वीतभर पुढे बसवली, थोडा भार हुकावर राहायला हवा."

"पिंपं कसली गो? औषधाबिषधाची नाहीत ना?"

"छे! आमरसाच्या कारखान्यातली. केमिकलची स्वस्तात मिळत होती, मीच नको म्हटलं. आणि ऐका, वर गेल्यावर नळीला धारच येईना. हे व्हॉल्व्ह उघडतायत, नळी झटकतायत, वेल्डरला शिव्या. मी जाऊन पिंपाचं बूच सैल केलं. हवा आत जाईल तेव्हा पाणी बाहेर येणार ना? पण ते वाडीत सांगत नाहीत हो."

सांगतील कशाला! मी मात्र सांगणार.

तर हिशेब असा, की एका कलमाला वीस लिटर. चारशे लिटरात वीस कलमं, तीन खेपांत सगळा सडा. गाडा वरच्या अंगाला उभा करायचा नि नळी खाली सोडायची, पंपाची गरज नाही. आळ्यात पातेरा घालतात, पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी लागते.

"मुंबईच्या दिरांचा फोन होता," ती आवाज खाली करून म्हणाली. "गाड्याची चाकं सामाईक वाटेवरून नेऊ नका म्हणे."

सातबाऱ्यावर अकरा नावं, कळशी उचलायला एकही नाही. हापूसच्या पेट्या मुंबईला पोचायच्या वेळी मात्र सगळ्यांना वाट सामाईक असल्याचं आठवेल.

"आमची बारा कलमं तुमच्या वाटेवरच आहेत गो."

"घालू की, माई. डिझेल तुमचं. आणि नळी धरायला काकांना पाठवा, हे एकटे दमतात."

"काकांना? ते आळ्यात पाणी घालायच्या आधी अर्धा तास गाड्यात काय चुकलं ते सांगतील."

"मग तुम्हीच या."