पाटी लागली, कन्सल्टंट झाले!

एमएस व्हायला 3 वर्षं लागतात. कन्सल्टंट व्हायला एक पाटी पुरते. परवापर्यंत मध्यरात्री फोनवर ‘सर, पोट उघडू का?’ विचारणारा रेसिडेंट आज स्वतःच ‘सर’ होतो.

तयारी करून घेत नाहीत असं कोण म्हणतं? प्रबंध लिहून घेतात, तो गाइडही वाचत नाहीत. जिल्हा रुग्णालयात 3 महिने काढायची सक्ती आहे. संवादकौशल्य तर 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातच आहे. पण ऑपरेशन बिघडल्यावर दाराशी उभ्या नातेवाइकांना काय सांगायचं, ‘हर्नियाला दोन दिवस का ठेवलं?’ असं विचारणाऱ्या विम्याच्या टीपीएवाल्याला कसं पटवायचं, हा पेपर कुणी काढलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं, हे अनेकांना वकिलाच्या नोटिशीतूनच कळतं.

खरं शिक्षण पाटीनंतर. पेढ्यांचा बॉक्स घेऊन जीपींच्या दवाखान्यांची प्रदक्षिणा सुरू होते. तिथले एखादे काका पेढा तोंडात टाकत विचारतात, “बाकी सगळं ठीक आहे हो डॉक्टर, आमचं काय?” कट प्रॅक्टिस, म्हणजे पेशंट पाठवण्याचं कमिशन, रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा महाराष्ट्रात 2017 मध्ये झाला. तो मसुदाच राहिला, त्यामुळे काकांचा क्लास जोरात आहे; फी टक्क्यांत.

विभागप्रमुखांनो, शेवटचे सहा महिने पोराला वॉर्ड, ओपीडी, नातेवाईक सगळं स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळू द्या, तुम्ही मागे उभे राहा. आणि चुकला, तर राउंडमध्ये सगळ्यांसमोर नव्हे, केबिनमध्ये बोलावून सांगा.