नवशिक्या प्रायोजकासाठी चॅरिटी गोल्फ

अभिनंदन! ‘यंदा आपणही एखादी चॅरिटी गोल्फ स्पर्धा करू’ असं एमडी लिफ्टमध्ये म्हणाले आणि काम तुमच्या गळ्यात पडलं. तुम्हाला गोल्फ येत नसेल तरी बिघडत नाही. रोग मात्र नीट निवडता आला पाहिजे.

रोग बॅनरवर शोभणारा हवा. लहान मुलांचं हृदय उत्तम. स्तनांचा कर्करोगही चालतो, कारण त्याला स्वतःचा रंग आहे आणि गुलाबी टोप्या घाऊक भावात मिळतात. क्षयाच्या वाटेला जाऊ नका. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे आणि साधा क्षय सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, हे सगळं खरं. पण खोकल्याच्या बॅनरखाली बड्या ग्राहकाला उभं कसं करणार? मूळव्याधीचं तर नावच नको, संचालक मंडळात तिचे कितीही जाणकार असोत.

आता पैसे. नवशिके हमखास सीएसआरच्या टेबलाकडे धावतात. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: ठरावीक मर्यादेपुढच्या कंपनीने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. पण त्याच्या नियमांत असंही लिहिलंय, की मार्केटिंगच्या फायद्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व त्यात धरायचं नाही. तेव्हा रक्कम मुकाट्याने मार्केटिंगच्या बजेटमधून काढा. आपण काय करतोय ते सरकारने इतक्या नेमक्या शब्दांत सांगून ठेवलेलं असताना लाजायचं कशाला?

खरा माल इथे आहे. जो खरेदीप्रमुख ऑफिसात दहा मिनिटं देत नाही, तो गोल्फच्या मैदानावर चार-साडेचार तास तुमच्याबरोबर चालतो. पळून जाणार कुठे? अठरा होल संपायचे असतात. म्हणून रुग्णालय कोणतं यापेक्षा चौकडीत कोण कोणाबरोबर यावर जास्त रात्री जागा. (तुमची कंपनी औषधांची असेल तर डॉक्टरांना आमंत्रणं धाडण्याआधी २०२४ची आचारसंहिता वाचून घ्या, भेटवस्तूंबद्दल ती फारच अरसिक आहे.)

एखाद्या पार-थ्री होलपाशी चकचकीत मोटार उभी करा: एका फटक्यात चेंडू खड्ड्यात, तर गाडी तुमची. घाबरू नका, याचाही विमा निघतो. विमेवाले मूर्ख नाहीत. हौशी माणसाकडून असा फटका बसण्याची शक्यता हजारांत एक इतकीही नसते. गाडी दिवसभर फोटोंत झळकते आणि संध्याकाळी शोरूमला परत जाते.

कोणी कुजकटपणे विचारलंच, की यातून रुग्णांचं भलं होतं का, तर अमेरिकेतलं मेम्फिस सांगा. नट डॅनी थॉमसने उभारलेलं सेंट ज्यूड हे मुलांचं रुग्णालय १९६२मध्ये उघडलं. तिथे उपचारांचं बिल कुटुंबाच्या हातात पडत नाही, आणि गावची गोल्फ स्पर्धा १९७०पासून त्याच्यासाठी पैसे उभे करते आहे. इथवर सांगून थांबा. पुढची हकीकत फक्त तुमच्यासाठी: २००७मध्ये स्टॅनफर्ड नावाची वित्तकंपनी या स्पर्धेची मुख्य प्रायोजक झाली. २००९मध्ये तिच्या मालकावर अब्जावधी डॉलरच्या फसवणुकीचा आरोप आला आणि २०१२मध्ये ११० वर्षांची शिक्षा झाली. पाटीवरून स्टॅनफर्ड उतरलं, सेंट ज्यूड राहिलं. मला विचाराल तर मेम्फिसकरांचं खरं कसब इथेच आहे. त्यांनी रुग्णालय पक्कं धरलं आणि प्रायोजक बदलत राहिले. आपल्याकडे दरवर्षी प्रायोजक तोच, आणि रोग नवा.

शेवटी बक्षीस समारंभ. मंचावर चार जणांनी धरावा लागेल एवढा पुठ्ठ्याचा चेक छापून घ्या. त्यावर कोणता आकडा टाकायचा, हे गोल्फच शिकवतो. खेळाडूच्या ग्रॉस स्कोअरमधून हॅन्डिकॅप वजा केला की नेट उरतो. तुमचा हॅन्डिकॅप म्हणजे मैदानाचं भाडं, टी-शर्ट, जेवण, ‘एकोणिसाव्या होल’वरची दारू (स्पर्धा यकृतासाठी असली तरीही), निवेदिका आणि ड्रोनवाला. चेकवर ग्रॉस लिहा. रुग्णालयाच्या विश्वस्तांनी नेट विचारला तर त्यांना पुढच्या वर्षीच्या चौकडीत घ्या, एमडींबरोबर.