विहिरीवर स्लॅब टाकू नका

वापरात नसलेली घरची विहीर ठेवायची की बुजवायची, हा प्रश्न बहुधा वाटणीच्या वेळी निघतो, नाहीतर बिल्डर दारात आल्यावर. आणि बहुतेक घरं दोन्ही टाळतात. वरून स्लॅब टाकून मोकळी होतात. बुजवल्याचं पाप नको आणि गाळ काढायची कटकटही नको. मग त्या स्लॅबवर गाडी उभी राहते, पोरं क्रिकेट खेळतात. दहा-पंधरा वर्षांनी घरात आलेल्या सुनेला खाली काय आहे हे कुणी सांगितलेलंही नसतं.

विहीर ठेवा, किंवा नीट बुजवा. झाकून विसरणं हा निर्णय नव्हे, तो धोका आहे.

३० मार्च २०२३, रामनवमी. इंदूरच्या बेलेश्वर महादेव झुलेलाल मंदिरात हवनाला लोक बसले होते. त्यांच्या बैठकीखाली जुनी बावडी होती, वरून झाकलेली. छत खचलं आणि ३६ माणसं गेली. असा स्लॅब खालून कायम ओला असतो, सळ्या गंजतात, काँक्रीट सुटतं, आणि ती बाजू कुणाच्या नजरेला कधी पडतच नाही. तुमच्या अंगणातल्या स्लॅबचं वय किती? त्यात सळी किती जाडीची आहे? ज्यानं टाकला तो गवंडी तरी आता सापडेल का?

याहून वाईट म्हणजे विहिरीत संडासाचा पाइप सोडणं. हे गावोगाव चालतं आणि कुणाला त्याची लाजही वाटत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या पोटात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. तुमच्या विहिरीत जे सोडाल, ते त्याच भेगांतून शेजाऱ्याच्या विहिरीत जातं, बोअरमध्ये जातं. सेप्टिक टाकी विहिरीपासून निदान ५० फूट लांब असावी म्हणतात. इथे विहिरीचीच टाकी करतात. शेजाऱ्याच्या पाण्यात घाण कालवणं हे, कुठल्याही भाषेत सांगा, त्याच्या लेकराला आजारी पाडणं आहे.

आणि कुजकं साठवलेली विहीर माणसं मारते. नेवासे तालुक्यातल्या वाकडीत एका जुन्या विहिरीत गोबरगॅसची शेणस्लरी साठत होती. एप्रिल २०२४ मध्ये तिच्यात मांजर पडलं. त्याला काढायला एक उतरला, त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. वर्षानुवर्षं बंद असलेल्या कुठल्याही विहिरीत असा वायू साचू शकतो. कंदील सोडून ज्योत टिकते का बघतात, पण ती ज्योत विषारी वायूचा पत्ता देतेच असं नाही. म्हणून गाळ काढायला माणूस उतरवणार असाल तर आधी झाकण काढून विहीर चांगली उघडी राहू द्या, ब्लोअरनं हवा सोडा, कमरेला दोर बांधा, वर दोघं-तिघं ठेवा. आत कुणी कोसळलं तर तसंच मागोमाग उतरू नका. रोजंदारीवर आलेल्या माणसाचा जीव तुमच्या खर्चाच्या हिशेबात बसत नसेल, तर गाळ काढूच नका.

आता ठेवण्याबद्दल. ज्या विहिरीला मे अखेरीसही पाणी आहे, ती बुजवू नये असं माझं ठाम मत आहे. साधा हिशेब करा. १० फूट व्यासाच्या विहिरीत १० फूट पाणी म्हणजे सुमारे २२ हजार लिटर. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातलं ४५ लिटर फ्लशमध्ये जातं. चौघांच्या घराचे झाले १८० लिटर. झऱ्यातून थेंब आला नाही तरी ती विहीर चार महिने तुमचा फ्लश चालवते. धरणातून आणलेलं, शुद्ध केलेलं पाणी आपण संडासात ओततो, आणि अंगणातलं पाणी झाकून त्यावर गाडी लावतो. याचा मला राग येतो, आणि तो यायलाच हवा.

पुण्याच्या पेठांना तर हे कुणी सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं आणि शहराचे नळ कोरडे पडले. तेव्हा वाड्यांतले आड आणि जुने हौद कामाला आले. आज त्यांतले किती शिल्लक आहेत ते पेठेतून एक चक्कर मारून बघा. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. ज्या राज्यात पाण्याला गाडी लागते, तिथं भरलेली विहीर मोडणाऱ्याला निदान चार लोकांनी जाब विचारावा.

विहिरीमुळे डास होतात, हे म्हणणं मात्र खरं आहे. मुंबईतल्या मलेरियाचं मूळ डॉ. बेंटले यांनी १९११ च्या अहवालात घरगुती विहिरींत दाखवलं, त्यानंतर शहरातल्या कितीतरी विहिरी बंद झाल्या. पण चर्चगेटजवळची १७२५ सालची भिका बेहराम विहीर आजही पाणी देते. डासांवर उपाय आहेत: बारीक जाळी, गप्पी मासे, आणि मुख्य म्हणजे पाणी रोज उपसत राहणं. पोरांच्या काळजीला उंच कठडा आणि कुलपाची लोखंडी जाळी. पाणी प्यायचं असेल तर तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. निर्जंतुक करायला टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे वरच्या विहिरीला ५५ ग्रॅम. छताचं पाणी विहिरीत सोडायचं असेल तर पहिला पाऊस वाहून जाऊ द्या, पुढचं वाळू-खडीतून गाळून सोडा. वास्तुवाल्यानं विहीर चुकीच्या दिशेला आहे म्हणून सांगितलं असेल, तर त्याला मे महिन्यात टँकरचं बिल भरायला लावा.

पाणी खरंच आटलं असेल, किंवा ड्रेनेजचं पाणी आत झिरपतंय आणि थांबवता येत नाही, तर बुजवा. पण त्यालाही रीत आहे. आतला कचरा काढा, तळाच्या पाण्यात टीसीएल टाका, खाली स्वच्छ दगड-खडी, वर मुरूम-माती थराथरानं चोपून. १० फुटी, ४० फूट खोल विहिरीला सुमारे ३१ ब्रास भर लागते. म्हणूनच कंत्राटदार राडारोडा ओततो: प्लॅस्टर, रंगाचे डबे, फुटक्या ट्यूबलाइट. तो ओतू देऊ नका. खालचं पाणी गल्लीतल्या सगळ्यांचं आहे. आणि भर कितीही चोपली तरी पुढची काही वर्षं खचतेच, तेव्हा तिच्यावर इमारतीचा कॉलम येणार नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

वाडा पाडायला देत असाल तर करारनाम्यावर सही करण्याआधी नकाशा उघडा. विहीर त्यात दाखवली आहे का बघा. नसेल तर जागा, व्यास आणि खोली लिहून घ्या, ती मार्जिनमध्ये उघडी राहील आणि फ्लशची वेगळी लाइन तिच्यावर बसेल हेही कलम म्हणून घाला. तोंडी आश्वासन घेऊ नका. पाया खोदायला जेसीबी आला की पहिला ढिगारा विहिरीतच जातो.