त्या बाईंचा मिक्सर

तिरुअनंतपुरमला सचिवालयासमोरच्या चौकाचं नाव ‘स्टॅच्यू’. कोणाचा स्टॅच्यू, ही चौकशी तिथे कोणी करत नाही. कंडक्टर ‘स्टॅच्यू’ म्हणून ओरडतो, माणसं उतरतात. उभे आहेत ते सर टी. माधवराव, 1828 मध्ये कुंभकोणमला जन्मलेले तंजावरी मराठी. केरळातला मोर्चा कुठूनही निघाला तरी यायचा सचिवालयासमोरच, म्हणजे माधवरावांच्या पायाशी. पगार वाढवा, पेन्शन वाढवा, अनुदान द्या, भरती काढा. उमेदीची वर्षं ज्यांनी सरकारी दुकानं बंद करण्यात घालवली, त्यांना हे सगळं उभ्या उभ्या ऐकावं लागतं, आणि पुतळ्याला कानात बोटं घालायची सोय नाही.

त्रावणकोरची दिवाणगिरी त्यांच्याकडे 1858 मध्ये कायम झाली. तिजोरीत खडखडाट, मद्रास सरकारची देणी थकलेली, आणि डलहौसीने संस्थान खालसा करायची धमकी देऊन ठेवलेली. खालसा होणं म्हणजे काय, हे तंजावरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नव्हती. 1855 मध्ये वारस नाही या सबबीवर भोसल्यांचं तंजावर कंपनीने गिळलं होतं. अशा वेळी कोणताही शहाणा दिवाण नवे कर बसवील. माधवरावांनी उलटं धरलं. त्रावणकोरात मिरी सरकारने घ्यायची आणि सरकारनेच विकायची; तंबाखूचंही तेच. शेतकऱ्याच्या हाती काय पडायचं ते सांगायला नको. हे मक्ते मोडले गेले, त्यांच्या जागी साधी जकात आली, किरकोळ करांची लांबलचक जंत्री छाटली गेली. 1865 मध्ये मद्रास आणि कोचीनशी करार करून हद्दीवरच्या जकातीच्या कटकटीही बऱ्याच कमी केल्या. देणी फिटली, तिजोरी भरली, आणि त्या पैशातून शाळा नि रस्ते झाले. इंग्लंडात हेन्री फॉसेट यांनी त्यांना हिंदुस्थानचा तुर्गो म्हटलं. तुर्गो हा सोळाव्या लुईचा अर्थमंत्री. त्याने धान्याच्या व्यापारावरची बंधनं उठवली आणि दोन वर्षांत नोकरी घालवून बसला. माधवरावांची दिवाणगिरी 1872 पर्यंत चालली. याचं श्रेय मी कावेरीच्या पाण्याला देतो. कर उठवावा, पण तो उठवताना ज्यांचं चाललेलं बिघडतं त्यांच्याशी गोड बोलत उठवावा, हे शिक्षण ब्राह्मण आळीतल्या ओट्यांवर फुकट मिळत असावं.

तर अशा माणसाच्या गावी, कुंभकोणमला, ओळखीतल्या ओळखीने एका तंजावरी मराठी घरी उतरलो होतो. घरचे काका राज्य सरकारच्या एका खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची मराठी आपल्यापेक्षा जुनी आणि ठसठशीत. ती तशीच उतरवायला गेलो तर तिचं विडंबन होईल, म्हणून इथे ती पुणेरी कपडे घालून येते आहे. सकाळी ओट्यावर पितळी डबऱ्यात कॉफी आली. काकांनी ती टंबलरमधून डबऱ्यात, डबऱ्यातून टंबलरमध्ये अशी हातभर उंचीवरून ओतली, फेस नीट जमल्याची खात्री करून घेतली आणि मग सरकारकडे वळले.

“फुकट देऊन देऊन माणसं आळशी केली हो यांनी. तांदूळ फुकट, बायकांना बस फुकट, पंखा फुकट. कष्ट करायची सवयच गेली.”

एवढ्यात आतून घर्रर्र आवाज सुरू झाला. त्या आवाजात काकांचं राज्यशास्त्र काही काळ ऐकू आलं नाही.

आवाज मिक्सरचा होता. 2011 मध्ये सत्तेवर आल्यावर जयललितांनी तांदळाच्या रेशनकार्डावर घरोघर मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा वाटला, त्यातलाच हा. अंगावर जयललितांचा फोटो. चेहरा खोबऱ्याच्या शिंतोड्यांनी आणि पुसून पुसून फिकट झालेला, पण पाहणारं कोणी चुकणार नाही असा. झाकणाचं रबरी कडं ढिलं पडल्यामुळे काकू एक तळवा झाकणावर दाबून धरत आणि दुसऱ्या हाताने बटण फिरवत. घरात त्याला ‘त्या बाईंचा मिक्सर’ म्हणतात. कोपऱ्यात करुणानिधींच्या काळातला फुकट रंगीत टीव्हीही होता. तो केव्हाच बंद पडलाय. आता त्याच्यावर नाच्चियारकोविलची समई असते. दोन्ही पक्षांचं सरकार या घरात गुण्यागोविंदाने नांदतं, विधानसभेत नांदत नाही एवढंच.

आवाज थांबल्यावर काकूंनी चटणीचं भांडं पुढे ठेवलं आणि म्हणाल्या, “अहो, पाहुण्यांना हेही सांगा की तो आणायला रांगेत कोण उभं होतं.”

काकांनी पेपर उघडला.

काकांची बाजू अगदीच लेचीपेची नाही, हे मला मान्य करायला हवं. मतांवर डोळा ठेवून तिजोरी उधळायची याला आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. आणि हा हलवाई कोण, तर तमिळनाडूत बऱ्याच अंशी संध्याकाळी बाटली घेऊन घरी जाणारा माणूस. 2003 पासून तिथे दारूची किरकोळ विक्री फक्त टासमॅक या सरकारी महामंडळाच्या दुकानांतून होते. त्रावणकोरच्या सरकारी तंबाखूचा मक्ता मोडणाऱ्या माधवरावांच्या गावात सरकारी ब्रँडी मिळते, हे मी काकांना सांगितलं. त्यांना ते फारसं लागलं नाही. ते म्हणाले, “आमचे सगळे चांगले लोक गाव सोडूनच मोठे झाले.”

दारू आणि कर यांचं इथलं नातं पाहिलं तर राजाजींची आठवण येते, आणि ती जरा खट्याळपणेच येते. 1937 मध्ये मद्रास प्रांताचे पंतप्रधान असताना त्यांनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणली. दारूचं उत्पन्न बुडालं. मग ती खोट भरून काढायला 1939 मध्ये त्यांनी सरसकट विक्रीकर आणला, देशातला पहिला. (त्याआधी 1938 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडने म्हणजे आपल्या नागपूरने पेट्रोल आणि वंगणावर विक्रीकर बसवून पाहिला होता, अशा बाबतीत मराठी माणूस मागे नसतो.) पुढे 1971 मध्ये दारूबंदी उठली, मग परत आली, परत गेली. दारू नाही म्हणून जो कर आला, तो दारू आल्यावर जायला हवा होता. तो गेला नाही. व्हॅट झाला, जीएसटी झाला, नावं बदलत वाढला. आणि ज्यांनी हे बाळ जन्माला घातलं, त्याच राजाजींनी वयाच्या ऐंशीच्या घरात, 1959 मध्ये, सरकारच्या लुडबुडीविरुद्ध स्वतंत्र पक्ष काढला. परमिट-लायसन्स राज्याला त्यांच्याइतका खणखणीत विरोध कोणी केला नसेल. मला यात विसंगती दिसत नाही. आपणच लावलेलं झाड अंगणभर पसरल्यावर कुऱ्हाड शोधणारा माणूस मला समजू शकतो.

आपणही शहाणपणा करू नये. 2024 मध्ये महाराष्ट्राने लाडकी बहीण आणली आणि महिना दीड हजार रुपये बहिणींच्या खात्यात जाऊ लागले. पुढच्या वर्षी पडताळणी झाली, तेव्हा बहिणींच्या यादीत काही हजार भाऊही निघाले. भावाबहिणीच्या नात्यात एवढी ओढ कधी दिसली नव्हती. मग केवायसी आलं, उत्पन्नाची छाननी आली, घरात चारचाकी आहे का याची विचारपूस आली. तमिळनाडूतही सप्टेंबर 2023 पासून घरच्या बाईला महिना हजार रुपये मिळतात. तिथे तर घराने वर्षाला वीज किती युनिट जाळली हेही पाहतात. काकूंना तो हजार मिळत नाही, काकांच्या पेन्शनमुळे. त्यांच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला मिळतो. तेव्हा काकांच्या सैद्धांतिक विरोधाचा उगम कुठे असावा याबद्दल माझा एक अंदाज आहे. पण मी त्यांच्या घरची कॉफी प्यायलो आहे.

मला वाटतं, माणसाला सरकारचा आकार टोचत नाही. टोचतो त्याचा चौकसपणा. भीक नको पण कुत्रा आवर, ही म्हण ज्याने केली त्याने एकदा तरी सरकारी अर्ज भरलेला असणार.

तंजावरच्या सरफोजी राजांची छत्रं आठवा. 1799 च्या तहाने त्यांचं राज्य जवळपास गेलं, कारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती उत्पन्नाचा एक हिस्सा आणि नेमणूक उरली. त्यातून त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं आणि वाटेवरची अन्नछत्रं चालवली. ही छत्रं तरी आपल्याकडे राहू द्या, असं त्यांनी 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटला लिहिलं. तिथे येईल त्या जातीच्या वाटसरूला जेवण, शिजवलेलं नको असेल त्याला शिधा, आजाऱ्याला वैद्य. राज्य गेलं आणि कल्याणकारी तेवढं उरलं, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. पंगती जातवार असणारच. त्या काळाला उगाच गोड करू नये. पण भुकेलेल्याने मागच्या तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला आणावा, असं काही त्या पत्रात नाही.

आणि आता पाहा. 2024 च्या सप्टेंबरात कोइंबतूरच्या एका नामांकित हॉटेलमालकांनी केंद्रीय अर्थमंत्र्यांसमोर भर सभेत आपलं दुखणं मांडलं. बनवर जीएसटी नाही, क्रीम भरलं की अठरा टक्के. गिऱ्हाईक म्हणतं, बन आणि क्रीम वेगवेगळं द्या, भरायचं आम्ही पाहतो. सभा हसली. पुढे त्याच मालकांचा माफी मागतानाचा व्हिडिओ बाहेर आला आणि त्यावरून गहजब झाला. वर्षभराने जीएसटीचे दर बरेच सुटसुटीत झाले हे खरं; पण तोवर या देशाच्या कायद्याने बन आणि क्रीम यांचा विवाह नोंदणी शुल्काशिवाय होणार नाही हे ठरवून टाकलं होतं. माधवरावांनी छाटली ती जंत्री याच वाणाची असणार.

हा चौकसपणा हवा तिथे सापडत नाही, ही गोष्ट कुंभकोणमला हसत सांगता येत नाही. 16 जुलै 2004 रोजी इथल्या एका अनुदानित खासगी शाळेत माध्यान्ह भोजनाच्या चुलीतून आग उठली आणि शाकारलेल्या छपराला लागली. 94 मुलं गेली. त्या शाळेच्या कागदांवर सह्या-शिक्के करणारे हात बरेच होते. मान वर करून छपराकडे पाहणारं कोणी नव्हतं. काका त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. सरकारवर टीका करताना ते हा दाखला कधीही देत नाहीत, आणि सरकारने जास्त तपासण्या करू नयेत असंही ते त्या एका बाबतीत म्हणत नाहीत.

याच गावात शार्ङ्गपाणी मंदिराच्या रस्त्यावर गणिती रामानुजनांचं घर आहे, आता जपून ठेवलेलं. बुटकं दार, रस्त्याकडे उघडणारी खिडकी. 1904 मध्ये त्यांना इथल्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली आणि गणिताखेरीज बाकी विषयांत घोटाळा झाल्यामुळे लगेच गेलीही. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. मग नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव यांनी काही काळ खिशातून महिना 25 रुपये दिले, आणि 1912 मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये 30 रुपयांवर कारकुनी मिळाली. तिथे काम बेताचं होतं. उरलेल्या वेळात गठ्ठ्यांच्या वेष्टणाच्या कागदावर आकडेमोड चाले, वरिष्ठांना ठाऊक होतं, आणि कोणी मध्ये येत नसे. सरकारी कचेऱ्यांत माणसं फार आणि काम कमी, असं जो म्हणेल त्याला मी हे उदाहरण देतो. फुगलेल्या नोकरशाहीचं याहून भक्कम समर्थन मी ऐकलेलं नाही. फक्त बाकीचे कारकून त्या वेळात काय करत होते, ते विचारायचं नाही.

काकांना हा युक्तिवाद आवडला. ते चाळीस वर्षं त्याच प्रकारच्या खात्यात होते. पण त्या दिवशी त्यांचा मूड बरा नव्हता, कारण ट्रेझरीत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा होता. आपण जिवंत आहोत हे सरकारला दरवर्षी पटवावं लागतं. त्याशिवाय पेन्शन पुढे सरकत नाही. आदल्या खेपेला ते स्वतः खुर्चीत बसून बोलत असतानाही यंत्र त्यांचा अंगठा ओळखेना. बोटांवरच्या रेषा झिजल्यात, असं तिथल्या मुलाने सांगितलं. वयाने होतं म्हणाला.

काकू चटणीचं भांडं विसळत होत्या. त्या पाट्या-वरवंट्याच्या काळातल्या.

“हयातभर वाटण मी वाटलं,” त्या म्हणाल्या, “आणि रेषा झिजल्या यांच्या.”