नाना, सहा पॉइंट एक

नानांना ‘काय, कसं काय?’ असं विचारू नये. सोसायटीत नवीन राहायला आलेला माणूस ते एकदाच विचारतो. नाना लिफ्टचं दार पायाने अडवतात आणि त्याला दशांशात उत्तर देतात. “उपाशीपोटी साखर १०४. इन्सुलिन १२. दोघांचा गुणाकार करा, ४०५ने भागा. आलं ३.०८. आता तुम्हीच सांगा, कसं काय ते!” समोरच्याला काही सांगता येत नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी लिफ्टचं दार बडवत असतं.

हे नाना जसे कोथरूडला आहेत तसेच डोंबिवलीला, नाशिकला आणि सांगलीलाही आहेत. न्यू जर्सीतही आहेत. तिथे फक्त गोळ्यांच्या बाटल्या मोठ्या असतात. वय ५५ ते ७०. नोकरी बहुधा बँकेत, एलआयसीत नाहीतर पाटबंधारे खात्यात झालेली. आमचे नाना बँकेत इन्स्पेक्शनला होते. जन्मभर दुसऱ्यांच्या शाखांमधल्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावर तपासायला एकच शाखा उरली, ती त्यांच्या बनियनच्या आत.

निमित्त झालं ते एका रक्ततपासणीचं. एचबीएवनसी ६.१ निघालं. हा आकडा मोठा खोडसाळ. ५.७च्या खाली असता तर नानांनी पेढे वाटले असते. ६.५ किंवा वर असता तर डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असती आणि नाना मुकाट्याने पेशंट झाले असते. मधल्या पट्ट्यातला माणूस ना धड निरोगी ना धड आजारी. त्याला डॉक्टर म्हणतात, “वजन थोडं उतरवा, रोज चाला, तीन महिन्यांनी परत बघू.” तांबड्या पेशी जगतात साधारण १२० दिवस, आणि त्यांना चिकटलेल्या साखरेवरून हा आकडा निघतो, म्हणून तीन महिने. डॉक्टर एवढं सांगून पुढच्या पेशंटकडे वळले. नानांसारख्या माणसाला आपण तीन महिने मोकळं सोडतो आहोत, हे काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

‘वजन उतरवा’ हे नानांना मान्यच नव्हतं. हातपाय काटकुळे, पुढे तेवढं टुमदार पोट. “वजन आहे कुठे माझं?” पण मग त्यांना केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो सापडला. फोटोत दोघे शास्त्रज्ञ आहेत, एक हे आणि दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन यूडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३. पण यूडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२. दिसायला बारीक आणि आतून चरबीदार अशी आपली भारतीय जात आहे, हे दाखवणारा हा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नानांनी त्याची प्रिंट काढून पाकिटात ठेवली आहे. त्या पाकिटात नातवाचा फोटो मागच्या कप्प्यात असतो. “आणि हे केईएम मुंबईचं नव्हे बरं का, पुण्याचं!” हे सांगताना त्यांना आपल्या चरबीचासुद्धा अभिमान वाटतो.

मग सुरू झाले प्रयोग. २०१८च्या सुमारास महाराष्ट्रात बाकीचं राजकारण मागे पडून दोनच पक्ष उरले होते, दीक्षित आणि दिवेकर. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दर खाण्याला इन्सुलिन सुटतं, म्हणून दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा. तिकडे ऋजुता दिवेकर म्हणत होत्या की आपल्याकडे पिकतं ते खा, आजी खायची ते खा, तुपाला भिऊ नका, आणि पोट फार वेळ रिकामं ठेवू नका. नाना दीक्षित पक्षाचे, काकू दिवेकर पक्षाच्या. स्वयंपाकघर काकूंच्या ताब्यात असल्यामुळे सत्ता दिवेकरांची राहिली आणि नाना विरोधी बाकावर बसले.

दीक्षितांच्या योजनेत विकत काहीच घ्यावं लागत नाही, हे तिचं मोठेपण. ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या पॅन्टी तिच्यामुळे ढिल्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. पण सोपी गोष्ट सोपी राहू देणं नानांच्या स्वभावात नाही. भाच्याच्या लग्नात कार्यालयाच्या दारात कुणीतरी हातात पन्ह्याचा ग्लास दिला आणि नाना बेसावधपणे एक घोट प्यायले. झालं! घड्याळ सुरू. आत मंगलाष्टकं चाललेली. स्वतः रचलेलं मंगलाष्टक चाल लावून म्हणणाऱ्या मावशींकडे नाना ज्या नजरेने बघत होते, ती नजर पूर्वी फक्त कर्ज बुडवणाऱ्यांच्या वाट्याला यायची. अक्षता पडल्या तेव्हा नऊ मिनिटं उरली होती. पंगत बसायच्या आत, वाढप्याच्या मागे मागे फिरत, नानांनी उभ्या उभ्या जे जेवण केलं, त्यावरून ‘मुलाकडची माणसं फार उपाशी’ असा मुलीकडच्यांचा जो समज झाला तो अजून गेलेला नाही.

पुढे त्यांना कळलं की आधी भाजी आणि प्रथिनं खाऊन मग पोळी-भात खाल्ला तर साखर कमी चढते. ही थाप नव्हे, न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मोजून पाहिलेली गोष्ट आहे. पण आपल्या पंगतीची सुरुवातच मुळी होते वरणभाताने. नानांनी ताट उलटं फिरवलं. आधी डावी बाजू साफ करायची, कोशिंबीर, चटणी, लोणचंसुद्धा, मग उसळ, मग आमटी नुसतीच वाटीला तोंड लावून, आणि सगळं संपल्यावर उरलेली पोळी कोरडी चावत बसायचं. श्रावणी सोमवारी सवाष्ण-ब्राह्मण जेवायला असताना वाढणारी सूनबाई तीनदा कोशिंबीर घेऊन आली आणि तिन्ही वेळा भाताचा डोंगर तसाच बघून रडवेली झाली. तिला वाटलं, भात करपला.

कीटोचा कालखंड थोडक्यात सांगतो, कारण काकूंना तो आठवलेला आवडत नाही. अपस्माराच्या रुग्णांसाठी १९२१मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डरांनी सुचवलेला हा आहार शंभर वर्षांनी एका शाकाहारी घरात आला आणि त्याने पनीर, लोणी आणि फुलकोबी एवढंच शिल्लक ठेवलं. फुलकोबी किसून तिला भात म्हणायचं. बदामाच्या पिठाच्या भाकरीला भाकरी म्हणायचं. ती थापताना तुटायची, भाजताना तुटायची, आणि ताटात पडेपर्यंत तिचा उपमा झालेला असायचा. चतुर्थीला पेच पडला. मोदकाची उकड तांदळाची म्हणून बाद, सारणातला गूळ बाद. उरलं खोबरं आणि तूप. ते काकूंनी वाटीत घालून नानांपुढे ठेवलं. “हा तुमचा मोदक.” शेजारी नैवेद्याचे एकवीस कळीदार मोदक वाफाळत होते. नानांनी तिकडे नुसतं पाहिलं, तर काकू म्हणाल्या, “ते बाप्पाचे. त्याचे रिपोर्ट नॉर्मल आहेत.”

या सगळ्यात आजवर नानांचा एकही प्रयोग फसलेला नाही, हे मला फार नवलाचं वाटतं. साखर उतरली की श्रेय शेवटी सुरू केलेल्या वस्तूचं. चढली की झोप कमी झाली, चालताना कुत्रं मागे लागलं, प्रसादातला एक बेदाणा तोंडात गेला. एका सोमवारी त्यांनी मेथीचं पाणी, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, सफरचंदाचं व्हिनेगर आणि संध्याकाळचं चालणं एकदम सुरू केलं, आणि शनिवारी जाहीर केलं की गुण मेथीचा. बँकेत कुणी एकाच दिवशी पाच नोंदी बदलल्या असत्या तर नानांनी त्याला मेमो दिला असता. चालण्याचा गुण असेल, असं मी सुचवून पाहिलं. “चालणं काय, सगळेच चालतात,” ते म्हणाले. फुकटच्या उपायाबद्दल त्यांच्या मनात एक आकस आहे. दारूहळदीतलं बर्बेरिन कॅप्सूलमध्ये भरून महाग होऊन आलं, तेव्हा कुठे त्यांना दारूहळदीबद्दल आदर वाटू लागला.

व्हिनेगरने दात आंबले आणि दातांच्या डॉक्टरांनी ते बंद करायला सांगितलं. नानांनी स्ट्रॉ आणली. दुधीच्या रसाच्या बाबतीत मात्र काकूंनी जो कायदा केला त्याला तोड नाही. दुधी कडू असेल तर तो रस विषारी ठरू शकतो, अशा वेळी तो पिऊच नये, असं आयसीएमआरच्या तज्ज्ञांनी बजावलेलं आहे. नाना म्हणत, “कडू म्हणजेच गुणकारी.” तेव्हापासून दुधीचा पहिला तुकडा काकू स्वतः चाखतात आणि मगच दुधी मिक्सरमध्ये जातो. प्रयोग नानांचा, जीव काकूंचा.

आणि मग दंडावर ती टिकली आली. पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठी, चौदा दिवस चिकटून राहणारी, आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मिनिटामिनिटाला मोबाइलवर दाखवणारी. नाना अर्ध्या बाह्यांचे सदरे घालू लागले. दोन पुरणपोळ्या विरुद्ध एक वाटी श्रीखंड, तांदळाची भाकरी विरुद्ध ज्वारीची, असे सामने त्यांनी घरात लावले. काही शोध खरेच चांगले लागले. रात्रभर काही न खाता पहाटे साखर चढते, कारण उठायच्या तयारीत यकृतच ती रक्तात सोडतं. “म्हणजे चोर घरातलाच!” इन्स्पेक्शनवाले नाना उजळले. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगच्या विषयावर ते बोलायला उभे राहिले तेव्हा आकडा १६८ला पोचला, आणि पोटात तर पातळ ताकाशिवाय काही नव्हतं. संतापानेही साखर वाढते. नानांनी तो आलेख लागलीच सेक्रेटरींना पाठवला आणि इतिवृत्तात नोंदवायची मागणी केली.

एका रात्री तीन वाजता मोबाइल किंचाळला. साखर ५८! काकू धडपडत उठल्या, डब्यातून गुळाचा खडा घेऊन आल्या. “तोंड उघडा!” नानांनी ओठ घट्ट मिटले. दुपारी बारा वाजेपर्यंत उपास होता. सून आली, मुलगा आला, नातू टॉर्च घेऊन आला. मुलगा म्हणाला रुग्णवाहिका बोलवू, सून म्हणाली आधी गूळ. मिटलेल्या ओठांतून नाना ‘अं हं, अं हं’ करत राहिले. शेवटी काकूंनी त्यांचं नाक धरलं. तोंड उघडलं तसा खडा आत गेला. या झटापटीत नाना कुशीवरून उताणे झाले आणि पाच-दहा मिनिटांत आकडा आपोआप ९६ झाला. झालं होतं असं की टिकली लावलेला दंड अंगाखाली दाबला गेला होता. दाब पडला की ते यंत्र खोटाच कमी आकडा दाखवतं. हे दुसऱ्या दिवशी माहितीपत्रकात सापडलं. “म्हणजे गूळ फुकट गेला,” नाना म्हणाले. त्या दिवशीच्या आलेखावर तीन वाजून अकरा मिनिटांपाशी त्यांनी तांबड्या शाईने लिहिलेलं आहे : ‘जबरदस्तीने गूळ. जबाबदार : सौ.’

दोन जेवणं, कीटो आणि काळजी यांनी वजन भराभर उतरलं तसे केस गळू लागले. वजन झपाट्याने उतरलं की असं होतं, आणि काही महिन्यांनी आपोआप थांबतंही. पण थांबेल ते नाना कसले! त्यांनी बायोटिनच्या दणकट गोळ्या सुरू केल्या. पुढच्या तपासणीत थायरॉइड भलतंच वाढलेलं दिसलं. घरात शोककळा. नाना मात्र गंभीर आणि आतून बरेचसे खूश होते. आता दोन विषयांत लक्ष घालता येणार होतं. त्यांनी फाइल, आलेख आणि गोळ्यांचा सोमवार ते रविवारचा डबा डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी मॅग्नेशियम, क्रोमियम, आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची डी-थ्री असं एकेक बाजूला केलं आणि बायोटिनवर बोट ठेवलं. या गोळ्यांनी थायरॉइडला काही होत नाही, पण काही यंत्रांवरची थायरॉइडची चाचणी मात्र फसते.

“नाना,” डॉक्टर म्हणाले, “एक महिना काहीही करू नका. गोळी नाही, रस नाही, टिकली नाही. घरात शिजेल ते भूक लागेल तेवढं खा, आणि संध्याकाळी चाला.”

काकूंनी तिथल्या तिथे डॉक्टरांना मनोमन नमस्कार केला. नाना खिन्न होतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण रिक्षातच ते म्हणाले, “याला वॉशआउट पीरियड म्हणतात. संशोधनात फार महत्त्वाचा असतो.” घरी येताच त्यांनी तक्ता आखला. सकाळी ६.०० : मेथीचं पाणी, घेतलं नाही. ६.२० : व्हिनेगर, घेतलं नाही. ७.०० : बर्बेरिन, घेतलं नाही. प्रत्येक नोंदीपुढे नानांची सही आणि शेवटच्या रकान्यात साक्षीदार म्हणून काकूंची. सोसायटीतल्या आणखी चौघांना त्यांनी आपल्याबरोबर काहीही न करायला लावलं आहे, आणि कोण ते नीट करत नाही याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं.

पहिल्या दिवशी काकूंनी पोह्यांची बशी पुढे ठेवली. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड.

“आधी काकडी मिळेल का?” नाना म्हणाले.

“काहीही करू नका म्हणालेत.”

नानांनी पोहे खाल्ले. मग आणखी घेतले. मग तक्ता पुढे ओढून चष्मा लावला. काय काय घेतलं नाही याचे रकाने ओळीने होते. खाल्लेल्या पोह्यांसाठी जागाच नव्हती. त्यांनी नातवाला हाक मारून पट्टी मागितली.