इच्छुक लेखक

प्रत्येक सोसायटीत असा एक तरी असतोच. लिहिणाऱ्याबद्दल म्हणत नाही मी. लिहिणारे आपलं लिखाण सकाळी सहाला ग्रुपवर टाकतात आणि मोकळे होतात. हा लिहायचं ठरवणारा. ‘एक ब्लॉग सुरू करावा म्हणतोय’ हे तो लिफ्टमध्ये सांगतो, बारशाला सांगतो, आणि एकदा तर वैकुंठात लाकडं रचली जात असताना सांगितलं. बहुधा निवृत्त असतो. पेन्शन वेळेवर, दात कवळीचे, गुडघे तक्रारीचे, आणि ऐकून घेणारी माणसं एकेक करून कमी झालेली.

माझं मत विचाराल तर ठरवण्यात जी प्रतिष्ठा आहे ती लिहिण्यात नाही. लिहिणाऱ्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लोक जाहीरपणे दाखवतात. ठरवणाऱ्याला मात्र ‘लिहा हो, तुम्ही लिहायलाच हवं’ म्हणून आग्रह करतात. असा आग्रह एकदा चाखला की माणूस लिहून तो कशाला बंद पाडेल?

आमच्याकडचे इच्छुक म्हणजे अण्णा. पाटबंधारे खात्यात ओव्हरसिअर म्हणून चिकटले, उपअभियंता होऊन सुटले. सगळी हयात नीरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांवर गेली, आता मुक्काम सिंहगड रस्त्याला. खात्यात कुठलंही काम प्रशासकीय मान्यतेशिवाय पुढे सरकत नाही आणि तांत्रिक मान्यतेशिवाय त्याची निविदा निघत नाही. ब्लॉग म्हणजे तरी कामच. प्रशासकीय मान्यता काकूंची. ती त्यांनी केव्हाच दिली. “अहो, लिहायचं तर लिहा, नाहीतर मटार सोला.” अण्णांच्या मते ही मान्यता सशर्त आहे, सबब ग्राह्य नाही. तांत्रिक बाजू हिंजवडीतल्या पुतण्याकडे. तो म्हणाला, “अण्णाकाका, ब्लॉग आता कोण वाचतं? रील करा.” झालं! प्रस्ताव त्रुटी लागून परत.

त्यात टिकाऊपणाचा मुद्दा निघाला. ब्लॉगर ही सोय १९९९ साली निघाली आणि २००३मध्ये गूगलने ती विकत घेतली, एवढं अण्णांनी स्वतः शोधून काढलं. पण उद्या गूगलनेच गाशा गुंडाळला तर? इथे ते ऑर्कुटचा दाखला देतात. त्यावर त्यांचं खातं होतं, फलटणच्या शाळासोबत्यांशी गप्पा होत्या, आणि २०१४च्या सप्टेंबरअखेर सगळ्यालाच टाळं लागलं. “भाटघरची भिंत बघ. १९२८ची. अजून उभी आहे. आणि हे तुमचं ऑर्कुट जेमतेम दहा वर्षं!” भाटघरच्या भिंतीवर अण्णांना काही लिहायचं नाहीये, पण मुद्दा ऐकताना बिनतोड वाटतो.

मग नाव. आठवणींच्या हिंदोळ्यावर, मनाच्या कुपीतून, सांजसावल्या वगैरे नावं आधीच्या इच्छुकांनी वापरून झिजवली आहेत. अण्णांना एके दिवशी जेवताना सुचलं : ‘पाळी’. कालव्याच्या पाण्याची पाळी, सोपं आणि खात्याला शोभणारं. सुनेने आमटीची वाटी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, “बाबा, दुसरं बघा.” दुसरं ‘आवर्तन’ निघालं. अर्थ तोच, शब्द सोवळा. तर खालच्या मजल्यावरच्या काकू येऊन विचारून गेल्या, अथर्वशीर्षाची किती करणार आणि प्रसादाला काय आणू.

शिवाय पानशेत. पुण्यात राहून आठवणी लिहायच्या तर पानशेतचा पूर लागतो. तो नसेल तर वाचक दारातूनच परत जातो. आणि १२ जुलै १९६१ रोजी, धरण फुटलं त्या दिवशी, अण्णा फलटणला दुसरीच्या वर्गात कोरडे ठणठणीत बसले होते. ही उणीव त्यांना आजही खुपते. पर्वतीवर चढून पाणी पाहिलेल्या समवयस्कांकडे ते ज्या नजरेने बघतात, तशी नजर मी एरवी फक्त बिनपरीक्षेच्या बढतीवाल्यांकडे वळलेली पाहिली आहे.

आता त्यांची वही. ही मी हातात घेऊन पाहिली आहे, म्हणून सांगतो. दोनशे पानी, लांब, पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर लाल शाईत : ‘प्रमाणित करण्यात येते की या वहीत १ ते २०० पृष्ठे आहेत.’ खाली सही, तारीख. खात्यात मोजमापाचं पुस्तक असतं, त्याला एमबी म्हणतात. त्यातलं पान फाडायचं नाही, आकड्यावर आकडा गिरवायचा नाही, चुकलं तर एक आडवी रेघ मारून बाजूला छोटी सही करायची. बिलं त्यावर निघतात, तेव्हा शिस्त हवीच. अण्णांनी तीच शिस्त बालपणाला लावली आहे. ‘आमची आई फार प्रेमळ होती.’ यातल्या ‘फार’वर आडवी रेघ, शेजारी सही. पुढच्या ओळीत ‘फार’ परत घेतला आहे, तिथेही सही. असं आईचं प्रेम दोनदा तपासून झाल्यावर वही पृष्ठ क्रमांक ३ला थांबली.

आणि हाच माणूस बोलायला लागला की ऐकत राहावं. सायफनचा किस्सा तर मी पुन्हापुन्हा मागून घेतो. कालव्याला पाळी सुटली की पाणी आधी शेवटच्या टोकाला पोचवायचं आणि मग वरवर यायचं, हा नियम. प्रत्यक्षात वरचा ऊसवाला रात्री भरावावरून नळी टाकतो, ती मातीने झाकतो आणि पाणी ओढतो. टोकाचा ज्वारीवाला मात्र पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरून कोरड्या चारीत बसलेला. अशाच एका रात्री अण्णा आणि पाटकरी गस्तीला निघाले. “बॅटरी लावायची नाही,” अण्णा आवाज उतरवून सांगतात, “चपला हातात घ्यायच्या आणि भरावावरून अनवाणी चालायचं. कोरड्या मातीत तळव्याला ओल लागली की समजायचं, खाली नळी आहे.” लागली ओल. तिच्या मागोमाग दोघं उसात शिरले, तर शेताचा मालक कंदील घेऊन स्वागतालाच उभा. “या साहेब, चहा टाकलाय.” अण्णा म्हणाले, मी बिनसाखरेचा घेतो. त्यावर तो म्हणाला, “घ्या हो साखर. आपल्याच पाण्याची आहे.”

हे लिहून द्या म्हणून मी मागे लागलो. लिहिलं त्यांनी. ‘विषय : अनधिकृत पाणी उपशाबाबत. संदर्भ : निरंक. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, रात्रौ गस्तीदरम्यान नळी एक नग आढळून आली. तद्नंतर चहा घेण्यात आला.’

२७ सप्टेंबर २०१८ला मुठा उजव्या कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली आणि पाणी दांडेकर पुलापर्यंतच्या घरांत शिरलं, तेव्हा उंदीर, घुशी आणि खेकड्यांवर ठपका आला. लोक हसले. अण्णा हसले नाहीत. संध्याकाळी बाकावर त्यांनी आम्हाला समजावलं. खेकड्याचं बीळ खरंच वाईट. त्यातून आधी स्वच्छ पाणी झिरपतं. ते गढूळ यायला लागलं की भराव आतून वाहून चाललाय असं धरायचं, आणि मग हातात वेळ थोडाच. “पण खेकडा काय एका रात्रीत बोगदा काढतो? भरावावरून रोज चालणारा माणूस लागतो. त्याची जागा रिकामी राहते, खेकड्याची कधी राहत नाही.” सगळे एका सुरात म्हणाले, अण्णा, हे आजच्या आज लिहा.

अण्णा तडक वर गेले. लिहिण्याआधी परवानगी लागते का, हे बघायला त्यांनी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ काढले. ते सेवेत असणाऱ्यांसाठी आहेत, निवृत्ताला कोणी विचारत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं. अडवणारं कोणी नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा इतका उतरला की काकूंनी रक्तदाब मोजला.

हल्ली सुनेने एक युक्ती केली. मटार सोलताना अण्णा सायफन सांगत होते, तो तिने फोनवर गुपचूप रेकॉर्ड केला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. न्यू जर्सीहून भाचीने तीनदा ऐकल्याचं कळवलं. अण्णांनी कानाला फोन लावून, हातात पेन घेऊन तो संपूर्ण ऐकला आणि रात्री ग्रुपवर शुद्धिपत्रक आलं : ‘नळी चार इंची नमूद केली आहे, ती तीन इंची वाचावी.’ पुतण्याने त्यावर अंगठा दाखवला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात मला थांबवून अण्णांनी तो अंगठा दाखवला. “ही तांत्रिक मान्यता धरायची का रे?”

“धरा की.”

“म्हणजे आता निविदाच काढायची राहिली.” त्यांनी चष्मा पुसला. “पण तीन कोटेशनं तरी घ्यावी लागतील. तुझ्या ओळखीत कोणी लिहिणारं आहे का?”