किती टक्के हाय, भाऊ?

यवतमाळच्या बिअर शॉपीत जाळीतून हात आत घालून गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारते. "किती टक्के हाय?" आणि "थंडी हाय का?" चव कशी आहे, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. टक्के वाचायचे, बाटली गालाला लावून गारवा तपासायचा, रद्दी पेपरात गुंडाळून काळ्या पन्नीत टाकायची आणि निघायचे. टक्क्यांची एवढी चौकशी दहावीच्या निकालालाही होत नाही.

अशा गावात दिवाळीला पुण्याहून भाचा येतो. हिंजवडीत नोकरी, पाठीवर लॅपटॉपची बॅग आणि बॅगेत मामासाठी गोव्याचा एक कॅन. त्यावर नाव 'एट फिंगर एडी'. अंजुणात मुक्काम ठोकलेल्या एका अमेरिकन हिप्पीचे हे टोपणनाव. गोवा ब्रूइंग कंपनीने ते आपल्या आयपीएला, म्हणजे इंडिया पेल एलला देऊन टाकले.

"मामा, तेच ते काय पिता? ही घ्या."

मामा घोट घेतात. "कडू हाय बे!"

"मामा, तेच तर!"

"कडूच प्यायचं होतं तर घरी कारलं होतं ना लेका."

भाचा मग समजावू लागतो. संत्र्याची साल, पिकला आंबा, चीडाचे लाकूड, सगळे वास एका घोटात. मामा शांतपणे ऐकून घेतात, टक्के विचारतात, किंमत विचारतात आणि कॅन खाली ठेवतात. चूक दोघांचीही आहे, पण जास्त भाच्याची. पहिल्याच दिवशी अशी बिअर कोणाच्या हातात द्यायची नसते. त्यातून ती सकाळपासून बॅगेत तापलेली, मग फ्रीजरमध्ये कोंबून बर्फासारखी केलेली.

भाच्याने आयपीएची कुळकथाही सांगितलेली असते. इंग्लंडहून जहाजाने बिअर यायची, वाटेत नासायची, म्हणून लंडनच्या हॉजसनने तिच्यात हॉप्स वाढवले आणि आयपीए जन्मली. गोष्ट गोड आहे, पण अर्धीच खरी. उष्ण मुलखात माल पाठवायचा तर हॉप्स जास्त घाला, हे इंग्लंडच्या बिअरवाल्यांना आधीपासून ठाऊक होते. काळी पोर्टर बिअरही जहाजातून धडधाकट पोचत होती. हॉजसनचे भांडवल वेगळेच होते. त्याची भट्टी लंडनच्या पूर्वेला बो इथे, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जिथे लागत त्या ब्लॅकवॉलच्या जवळ. आणि दुसरे म्हणजे, जहाजाच्या कप्तानांना तो दीड वर्षापर्यंत उधारी द्यायचा. आपल्या जिल्ह्यात हे वेगळे समजावून सांगायला नको. मृगाच्या तोंडावर कोणत्या कृषी केंद्रासमोर गर्दी असते, बियाणे चांगले असलेल्या की वहीत नाव लिहून घेणाऱ्या?

पुढे हॉजसनच्या वारसांना हाव सुटली. उधारी आवळली, भाव चढवले, कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवू लागले. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या एका संचालकाने 1822 मध्ये बर्टन गावच्या ऑलसॉपला गाठले. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर. त्या पाण्यात कडूपणा कसा स्वच्छ उतरतो, जिभेवर रेंगाळत नाही. हॉजसनचे दुकान बसले, बर्टनचे चालले. तेही चालले साहेबांसाठी. गोऱ्या शिपायाला बहुतेक पोर्टरच मिळायची आणि काळ्या माणसाला पेटी उचलायला मिळायची. इंग्लंडहून येताना जहाजे हलकी असत, म्हणून बिअरचे भाडे स्वस्त पडे. जाताना ती इथल्या मालाने भरून जात. पुढे वऱ्हाडचा कापूस काढायला यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेज टाकली, तीच आपली शकुंतला. ती कापूस घेऊन गेली खरी, पण येताना यवतमाळकरासाठी पेल एल घेऊन आल्याचे कोणी सांगत नाही.

आता कामाचे बोलू.

हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुले, आणि ही वेल भांगेच्या कुळातली. महाशिवरात्रीचे भक्त हे ऐकून उगाच खूश होतात. नशेचा त्यात काही संबंध नाही. ही फुले सुरुवातीला टाकून खूप उकळली की कडूपणा उतरतो. शेवटी किंवा थंड बिअरमध्ये टाकली की वास उतरतो. कडूपणा मोजायला आयबीयू नावाचे माप आहे. हलक्या लागर बिअरमध्ये तो आकडा दहाच्या आसपास असतो, अमेरिकन धाटणीच्या आयपीएत 40 ते 70. म्हणजे मामांनी एकदम पाचव्या मजल्यावर उडी मारली होती. आधी साधी पेल एल घ्यावी, किंवा 'सेशन आयपीए' लिहिलेली. तिच्यात टक्के पाचच्या आत असतात आणि कडूपणाही बेताचा. 'डबल' हा शब्द दिसला की ती भाच्याला परत करावी. आपल्याकडे नियमाने पाच टक्क्यांच्या पुढची बिअर 'स्ट्राँग' ठरते, आणि बऱ्याचशा आयपीए त्या रेषेच्या पलीकडेच बसतात. त्यामुळे टक्के बघून घेणाऱ्याचाही अपमान होत नाही. फक्त पैसे जास्त जातात.

पण टक्के आणि आयबीयू राहू द्या बाजूला. डब्याच्या बुडाशी छापलेली तारीख वाचा. यवतमाळात पहिली आयपीए घेणाऱ्याला मी ही एकच गोष्ट सांगेन. हॉप्सचा वास फार नाजूक असतो. ऊन, उजेड आणि दिवस हे तिघे त्याचे वैरी. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. डबा ट्रकमधून येतो, टिनाच्या गोदामात पडतो, दुकानात आला की फ्रीजरमध्ये जातो, आणि फ्रीजर चालतो विजेच्या मर्जीवर. अशा प्रवासानंतर वास उडून जातो आणि मागे उरते ते नुसते कडू. वर ओल्या पुठ्ठ्यासारखी एक चव. मामांनी कारल्याचे नाव काढले ते उगाच नाही. त्या कॅनमधला आंबा आणि संत्रे वाटेतच उतरले होते. हॉजसनची बिअर सहा महिने समुद्रात हेलकावे खाऊन चांगली व्हायची, कारण ती मुरवण्यासाठीच केलेली असे. आजची आयपीए वासावर जगते. तीन-चार महिन्यांत प्याली तर ठीक. दुधासारखी गढूळ 'हेझी' आयपीए नवशिक्याला सगळ्यात सोपी, कारण कडू कमी आणि वास भरपूर. पण खराबही तीच आधी होते. ती प्यायची तर पुण्याला जाऊन, जिथे बनते तिथेच, नळातून. 2009 मध्ये डूलाली नावाच्या मायक्रोब्रूअरीने तिथे ताजी बिअर नळातून द्यायची सोय सुरू केली आणि आता भाच्याला पत्ते तोंडपाठ आहेत. बाटली घ्याल तर तपकिरी घ्या. हिरव्या बाटलीत उजेड शिरतो आणि बिअरला घाण वास सुटतो.

आणि हो, थंडी. हा यवतमाळचा जुना धर्म आहे, त्याला हात लावणे धोक्याचे, तरी सांगतो. बर्फगार बिअर जिभेला बधिर करते. बधिर जिभेला वास कळत नाही, कडू तेवढे कळते. फ्रीजमधून काढून दहा मिनिटे बाहेर ठेवा, ग्लासात ओता, मग घोट घ्या. मे महिन्यात पाचच मिनिटे पुरतील.

तिखटासोबत आयपीए छान लागते, असे परदेशी मंडळी लिहितात. त्यांनी सावजीचा रस्सा खाल्लेला नसतो. हॉप्सचा कडूपणा मिरचीची आग वाढवतो. तर्री आणि आयपीए एकाच ताटात घेणाऱ्याने शेजारी गूळ आणि घरचा माणूस बसवून घ्यावा. खारे शेंगदाणे, कांदाभजी, तळलेली मासोळी, एवढ्यावर भागवा.

एका गोष्टीची मात्र मला गंमत वाटते. झरी-जामणीच्या, मारेगावच्या जंगलात मोहाचे फूल पडते. कोलाम, गोंड बाया पहाटे टोपल्या घेऊन वेचायला जातात. ते फूल आंबवून भट्टीला लावले की हातभट्टी, मग धाड, मग पंचनामा. परदेशातून येणारे फूल बिअरमध्ये टाकले की ते क्राफ्ट. मोहाची दारू गाळीव, बिअरहून कितीतरी जहाल, आणि चोरून गाळलेली तर जिवावर बेतू शकते, हे कबूल. पण गोव्याने आपल्या काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळवून दिले. शेजारच्या मध्य प्रदेशने मोहाला वारसा दारू म्हणून दुकानात बसवले. आम्ही मात्र चव कशी असते हे शिकायला अंजुणाच्या हिप्पीचे नाव लावलेला डबा उघडतो.

शेवटी जिल्ह्याचा भूगोल. आमच्या उशाशी वर्धा नदी, नदीपलीकडे वर्धा जिल्हा, तिथे दारूबंदी. गडचिरोलीत 1993 पासून बंदी. चंद्रपुरात 2015 ला लागली, 2021 ला उठली. यवतमाळातही बायांनी बंदीसाठी मोर्चे काढले आहेत, आणि ते काढणाऱ्यांना हॉप्सशी देणेघेणे नव्हते. घरी येणारा माणूस किती टक्के घेऊन येतो, एवढेच त्यांना चांगले माहीत होते. गावातले दुकान बंद करायचे तर मतदान होते. चिठ्ठीवर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. त्या चिठ्ठीवर सेशन, हेझी, डबल असे रकाने नसतात.

तेव्हा वय 21 पूर्ण असेल, खिशात दारू पिण्याचा परवाना असेल आणि गाडीची चावी घरी असेल, तर पहिली आयपीए जरूर घ्या, एकच कॅन आणि दोघांत मिळून. पण मे महिन्यात यवतमाळात घेऊ नका, जानेवारीपर्यंत थांबा. तेव्हाही तारीख चार महिन्यांपलीकडची निघाली तर डबा परत करा आणि लिंबू सरबत प्या.